न छेडलेली तार

मँडोलिनच्या आठ, गिटारच्या सहा, बँजोच्या पाच, फिडलच्या चार आणि बेसच्या चार. स्टॅलर्ड कुटुंबाच्या एकूण तारा सत्तावीस. मायक्रोफोन एक. ड्राय लॉरेल गावच्या जुन्या शाळेमागच्या मैदानावर दोन चर्चमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्या एकशे चाळीस. घरून खुर्ची घेऊन येणारे वेगळे. नाचणाऱ्यांसाठी गवतावर टाकलेले प्लायवूडचे तक्ते दोन. अंत्यविधीच्या दुकानाची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे एक खोकं भरून. ते रेलिनने मोजले नाहीत, कारण लोक ते घरी नेत आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आणत. तो आकडा कधी जमलाच नसता.

सत्तावीसपैकी पंचवीस तारा उरलेल्या दोन तारांवरून लावल्या जात. त्या दोन म्हणजे रेलिनच्या आजोबांच्या, पॅपॉच्या, मँडोलिनवरची ए स्वराची जोडी. तसा घराचा नियमच होता. घरून कोणी कितीही नीट लावून आलेलं असो, मंचावर गेल्यावर आजोबा ती जोडी छेडणार आणि बाकीचे खुंट्या पिळून तिच्याशी जुळवून घेणार. सूर दाखवणारी यंत्रं मंचावर चालत नसत. "तारेला विचारा, डबीला काय विचारता," असं पॅपॉ म्हणत.

त्याच जोडीवर आणखी एक गोष्ट ठरे. अमोस पणजोबांनी रचलेल्या नावाड्याच्या गाण्याने स्टॅलर्डांची संध्याकाळ सुरू होई. शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं थांबत आणि वरचा आवाज एकटाच एक सूर धरून राही. तो सूर आणि ए ची जोडी एकच. वरचा आवाज गाणारा दोन्ही हात वर करून दाखवी, मँडोलिन पट्ट्याला लटकत राही, आणि मग तो तोंड मिटे. सूर नेमका लागला असेल तर न छेडलेली तार त्या शांततेत आपली आपण गुणगुणत राही. घरात म्हणत, तार ओ देते. ज्याच्या हाकेला तार ओ देते, त्याचा वरचा आवाज. अमोसच्या हाकेला देत होती, मग होबार्टच्या. होबार्ट स्टॅलर्ड म्हणजे पॅपॉ. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी रेलिनला या प्रकाराचं शास्त्रातलं नाव कळलं, तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने त्यांना फोन केला होता. पॅपॉ म्हणाले, "बरं झालं, त्यांनाही कळलं म्हणायचं."

गेल्या रविवारी तालमीत त्यांचा आवाज त्या सुरावर फाटला. तार गप्प राहिली. पॅपॉ म्हणाले, घशात चिलट गेलं.

म्हणून आज शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर वेंडल काकाने सगळ्यांना गोळा केलं होतं. सगळे म्हणजे मोझेल आत्या, रेलिनचा बाप डेनिस आणि रेलिन. वेंडल थोरला, बँजो त्याच्याकडे. गेल्या पानगळीत कुंपणावरून भांडण झाल्यापासून तो आणि डेनिस एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते मोझेलकडे तोंड करून.

"अर्धा स्वर," वेंडल मोझेलला म्हणाला. "फक्त अर्धा. ही रेलिन आत जाईल, मँडोलिनच्या आठही तारा अर्धा स्वर उतरवेल, पेटी बंद करून ठेवेल. डॅडी तार छेडतील, आपण त्यावरून लावू. त्यांना सूर सापडेल, तार ओ देईल, टाळ्या होतील, सगळे करंज्या खाऊन घरी जातील."

"त्याला विचार," डेनिस मोझेलला म्हणाला, "डॅडींना कळणार नाही असं त्याला कशावरून वाटतं? त्यांचा कान आहे की भोपळा?"

"याला सांग, याच्याकडे दुसरं काही असेल तर बोल म्हणावं."

"आहे ना. सरळ जाऊन सांगायचं त्यांना."

"मग सांग की! जा! बसलेत तिथे ट्रकवर!" वेंडल रागाच्या भरात थेट त्याच्याशीच बोलला, आणि लक्षात आल्यावर पुन्हा मोझेलकडे वळला. "कोण सांगणार आहे, विचार त्याला."

डेनिसने गिटारची पेटी उघडली आणि बंद केली.

"मी काय टपालवाली आहे का तुमची?" मोझेल म्हणाली. तिच्या हातात फिडल होतं आणि गळ्याला रुमाल. "आणि वेंडल, तुझा जावई आज इकडे कसा? त्याचं गाव इथून दीड तासावर."

"टॅनर? आला सहज. जेवायला."

"सहज आलेला माणूस शर्टला इस्त्री करून येतो?"

टॅनर दहा पावलांवर उभा होता. चांगला पोरगा, चर्चमध्ये वरच्या आवाजात गाणारा, बेसही बरा वाजवणारा. आपलं नाव ऐकून त्याने हात वर केला. "मी खरंच जेवायला आलोय, आत्या."

"जेव बाबा. पोटभर जेव. गायला मात्र तोंड उघडू नकोस."

"डॅडींचा आवाज आज लोकांसमोर फाटला," वेंडल आवाज खाली आणून म्हणाला, "तर ते पुन्हा मंचावर पाय ठेवणार नाहीत. तू ओळखतेस त्यांना. घोडी मेली तेव्हा खोगीरसुद्धा विकून टाकलं होतं त्यांनी. मँडोलिन भिंतीला लागेल. मग कोणीतरी हवंच ना वरच्या आवाजाला? मी फक्त छत्री घेऊन आलोय. पाऊस पडावा असं म्हणत नाहीये."

यातली पहिली दोन वाक्यं खरी होती.

"रेलिन, तू जा," मोझेल शेवटी म्हणाली. "तुझ्याकडे डबी आहे. नेमकं उतरव. आठ तारा आठ दिशांना नकोत."

रेलिन आत गेली. शाळा बंद होऊन वर्षं झाली होती. वर्गात आता निवडणुकीच्या मतपेट्या आणि चर्चची जादा भांडी ठेवत. पॅपॉची पेटी फळ्याखालच्या बाकावर होती. तिने मँडोलिन काढलं आणि बोराएवढं यंत्र त्याच्या डोक्यावर चिमट्याने अडकवलं. हे यंत्र स्वराचं नाव न दाखवता तारेच्या कंपनांचा सरळ आकडा दाखवी. म्हणून तर तिने ते घेतलं होतं. ए म्हणजे सेकंदाला चारशे चाळीस. अर्धा स्वर खाली म्हणजे चारशे पंधराच्या आसपास.

खुंटीला हात लावायच्या आधी तिने तार छेडून पाहिली. आधी मोजायचं, मग हात लावायचा. प्रयोगशाळेने चार वर्षांत एवढं तरी अंगी लावलं होतं.

चारशे सोळा.

तिने चिमटा काढून परत लावला. चारशे सोळा. फोनवर मोजलं, तेच. बाकीच्या जोड्या पाहिल्या. सगळ्या त्याच प्रमाणात खाली, एकमेकींशी अगदी जुळलेल्या. उन्हाने उतरलेल्या तारा अशा शिस्तीत उतरत नाहीत.

दर उन्हाळ्यात ती फोन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवून सगळा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करी, अगदी पहिली तार लागते तिथपासून. तिने गेल्या वर्षीची सुरुवात काढली. चारशे एकवीस. त्याच्या आधीची, चारशे सत्तावीस. मग चारशे बत्तीस. सगळ्यात जुनी, तिच्या शाळेतल्या दिवसांची, चारशे चाळीस.

तिने मँडोलिन पेटीत ठेवलं, तारेला हात न लावता, आणि पायऱ्यांवर परत आली.

"झालं?" वेंडल म्हणाला.

"आधीच उतरलेल्या आहेत. जवळजवळ अर्धा स्वर. एका दिवसात नाही, दर वर्षी थोड्या थोड्या." तिने आकडे सांगितले.

तिला वाटलं होतं सगळे चमकतील. मोझेलने फिडलचा रुमाल झटकला आणि नीट घडी घातला. डेनिस मैदानाकडे बघत राहिला.

"आत्या?"

"मला तिसऱ्या वर्षी लक्षात आलं," मोझेल म्हणाली. "माझ्या तारा ढिल्या लागायला लागल्या. मला वाटलं, या दोघांना माहीत नाही. म्हणून गप्प राहिले."

"मला वाटलं, तुला माहीत नाही," डेनिस म्हणाला. "मी जाड तारा लावल्या गिटारला. आवाज भरावा म्हणून."

सगळ्यांनी वेंडलकडे पाहिलं.

"बँजोचं कातडं ताणून घेतलं दोनदा," वेंडल म्हणाला. "म्हटलं, दमट हवा."

"दमट हवा," मोझेल म्हणाली.

"अगं, म्हटलं तसं. मानलं नाही."

टॅनर हसला आणि लगेच खोकला आल्यासारखं करून त्याने तोंड फिरवलं.

"मग रविवारची तालीमसुद्धा याच पट्टीत होती," रेलिन म्हणाली. "चारशे सोळावर. तिथेही त्यांना सूर मिळाला नाही. अजून उतरवल्या तर तारा पडद्यांवर खडखडतील. काका, तुझा बँजो ओल्या खोक्यासारखा वाजेल."

"आताच वाजतोय," डेनिस मोझेलला म्हणाला.

वेंडलने बँजोचं कातडं बोटाने दाबून पाहिलं. पलीकडे गाड्यांचे दरवाजे वाजत होते. खुर्च्या भरायला लागल्या होत्या; सूर्य डोंगराच्या कडेला टेकला की स्टॅलर्डांनी मंचावर जायचं, अशी पद्धत होती, आणि सूर्य आता हातभर वर होता.

"मॅमॉला विचारू या," रेलिन म्हणाली.

मॅमॉ नेवा, तिची आजी, जेवणाच्या टेबलामागे मोठ्या पातेल्यातला घेवडा ढवळत होती. बाजूला मक्याच्या पावाचे चौकोन, गोड गार चहाचे पिंप, आणि वाळवलेल्या सफरचंदाच्या करंज्या फडक्याखाली. रेलिनने सगळं सांगितलं. मॅमॉ ढवळायची थांबली नाही.

"मागच्या खोपट्यात बसून लावतो," ती म्हणाली. "दार लावून. एक खुंटी पिळतो, मग तो सूर गातो, मग कान देऊन बसतो. परत पिळतो. त्याला आवाज लोकांपासून लपवायचा नाहीये गं. तार ओ देईल तिथवर तो तिला खाली आणतो."

"मग तू त्यांना काही म्हणाली नाहीस?"

"काय म्हणू? तार तुझं ऐकेना, तर तू तारेचं ऐक, असं म्हणू? सत्तावन्न वर्षं संसार केलाय त्याच्याशी. त्याला सांगून काही कळत नाही. वाजलेलं कळतं." तिने वाटीत घेवडा वाढला, वर चिरलेला कांदा टाकला, कडेला मक्याच्या पावाचा चौकोन ठेवला. "हे नेऊन दे त्याला. आणि त्याचं मँडोलिन पण ने. सकाळपासून काही खाल्लं नाहीये. म्हणतो, भूक नाही."

पॅपॉ ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. त्यांनी वाटी घेतली आणि बाजूला ठेवली. मग पेटी उघडली.

"सगळे पायऱ्यांवर जमले होते ते कशाला?"

"कुंपणाचं चाललंय अजून," रेलिन म्हणाली. यात अगदीच खोटं काही नव्हतं.

"हं. गाढवं आहेत दोघं." त्यांनी ए ची जोडी हलकेच छेडली आणि मँडोलिन मांडीवर आडवं धरलं. "रेलिन, जरा तो सूर धर बघू. माझा घसा मी मंचासाठी राखून ठेवतोय. तार नीट लागलीये का ते कळेल."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? तो कुत्रा?"

ट्रकखाली शेजाऱ्यांचा कुत्रा झोपला होता. रेलिनने श्वास घेतला आणि शेवटची ओळ म्हटली, नदी ओलांडून झाली, वल्हं खाली ठेवा. वरच्या सुरावर ती थांबली आणि तो धरला. तिला तो कधी शोधावा लागत नसे. पाळण्यात असल्यापासून कानात बसलेला होता, जसा आईचा फोनवरचा आवाज बसलेला असतो. मग ती थांबली.

दोघांनी कान दिला. तार गप्प होती. खाली कुत्र्याने शेपटी आपटली.

"वर गेलीस," पॅपॉ म्हणाले. "चुकलीस."

"मी नाही चुकले." विचार करायच्या आधीच तिच्या तोंडून गेलं. "तार खाली आहे, पॅपॉ."

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे फिकट निळे होते, आणि राग आला की त्यांत काहीच दिसेनासं होई. आता तसेच झाले होते. रेलिनचे कान तापले. तिला वाटलं, संपलं. आता हे मँडोलिन पेटीत घालतील, ट्रक चालू करतील, आणि वेंडल काकाची छत्री उघडेल. बोलून गेलेलं परत घेता आलं असतं तर तिने घेतलं असतं. पण ते बरोबर होतं, आणि बरोबर असलेलं परत कसं घ्यायचं ते तिला येत नव्हतं.

"किती खाली?" पॅपॉनी विचारलं.

"अर्धा स्वर. चारशे सोळा. चारशे चाळीस हवं."

"डबी सांगते?"

"डबी सांगते. माझा कानही सांगतो."

पॅपॉनी वाटी उचलली. घेवडा पूर्ण खाल्ला, सावकाश, कांद्यासकट. मक्याच्या पावाने वाटी पुसून घेतली. मग मँडोलिनचा पट्टा खांद्यावर टाकून उतरले.

"चल," ते म्हणाले. "सूर्य टेकला."

मंच म्हणजे कमरेइतका उंच लाकडी ओटा. मधोमध एकच मायक्रोफोन, सगळे त्याच्याभोवती. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे. वरच्या आवाजाची जागा डावीकडे ठरलेली होती. तिथली फळी अमोस आणि होबार्टच्या टाचांनी इतकी घासली गेली होती की लाकूड फिकट पडलं होतं. रेलिन सवयीने मागे बेसपाशी गेली. डेनिस आणि मोझेल आपापल्या जागी. टॅनर ओट्याच्या कडेला गवतात उभा होता, आणि वेंडल त्याच्याकडे बघत नव्हता, पण किती बघत नव्हता ते सगळ्यांना दिसत होतं.

पॅपॉ ओट्यावर चढले आणि फिकट फळी ओलांडून उजवीकडे, मोझेलच्या बाजूला, खालच्या आवाजाच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"डॅडी?" मोझेल पुटपुटली.

"सरक जरा. टॅनर! तू बेस वाजवतोस ना?"

"हो सर. थोडाफार."

"थोडाफार पुरे. ये वर. रेलिनकडून घे."

वेंडलचं तोंड उघडं राहिलं. टॅनर दोन ढांगांत वर आला. रेलिनच्या हातून बेस गेला तेव्हा तिला एकदम हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"आणि रेलिन, ती तुझी डबी दे इकडे."

पहिल्या रांगेतला म्हातारा ऑर्विल तिथून ओरडला, "होबार्ट! मंचावर यंत्र? तब्येत बरी आहे ना?"

"तुझ्यापेक्षा बरी आहे. थांब जरा, आम्ही वर चढतोय."

"या वयात चढ झेपतो का रे?"

लोक हसले. पुठ्ठ्याचे पंखे हलत राहिले. पॅपॉनी चिमटा मँडोलिनच्या डोक्यावर लावला, चष्मा नाकावर ओढला आणि ए ची पहिली तार चढवायला घेतली. खुंटी करकरली. थोडं पिळायचं, छेडायचं, बघायचं, परत पिळायचं. मग दुसरी तार. मग बाकीच्या जोड्या. शेवटच्या बारीक जोडीतली एक तार वर जाता जाता फट्‌कन तुटली आणि त्यांच्या मनगटावर लाल रेघ उमटली. त्यांनी तुटलेलं टोक गुंडाळून खुंटीत खोचलं आणि पुढे निघाले.

मग त्यांनी ए ची जोडी छेडली आणि बाकीच्यांकडे पाहिलं.

वर चढायला बराच वेळ गेला. टॅनर बेसच्या जाड खुंट्या दोन्ही हातांनी पिळत होता. मोझेलचं फिडल दोनदा घसरून खाली आलं; तिसऱ्यांदा लागलं तेव्हा तिने गज ओढून पाहिला आणि स्वतःशीच हसली. कितीतरी दिवसांनी ते लखलखीत वाजलं होतं.

"वेंडल," डेनिस म्हणाला, "तुझी तिसरी तार अजून खाली आहे."

"ऐकू येतंय मला," वेंडल म्हणाला, आणि चढवली. मग थोड्या वेळाने, बँजोकडेच बघत, "आता?"

"आता आहे."

मोझेलने दोघांकडे पाहिलं.

रेलिन अजून मागेच उभी होती. पॅपॉनी मान फिरवली. "तुला काय आमंत्रण हवंय?"

ती पुढे आली आणि फिकट फळीवर उभी राहिली. लाकूड तिथे जरा खोलगट होतं. हे खालून कधी दिसलं नव्हतं. जेवणाच्या टेबलामागे मॅमॉने हात पुसून फडकं खांद्यावर टाकलं होतं.

वेंडलने बँजोवर सुरुवात केली आणि गाणं निघालं. डेनिस मुख्य आवाजात, पॅपॉ आणि मोझेल खाली. रेलिनने वरून साथ धरली. पहिल्या कडव्यात तिचा आवाज जरा कापला, दुसऱ्यात स्थिर झाला. तक्त्यांवर कोणीतरी बुटांनी ठेका धरला. प्रत्येक कडव्यानंतर एकेक जण मायक्रोफोनशी येऊन वाजवून मागे सरकत होता. टॅनर कुणाच्या वाटेत येत नव्हता. पॅपॉ सात तारांवर वाजवत होते, आणि तुटलेल्या तारेची जागा त्यांची बोटं आपसूक टाळत होती.

शेवटचं कडवं आलं. ठेका थांबला. बँजो थांबला, फिडलचा गज उचलला गेला, टॅनरने तळवा बेसच्या तारांवर ठेवला. मैदानावर फक्त कडेच्या झाडांतले किडे ओरडत होते. वल्हं खाली ठेवा, आणि रेलिन त्या सुरावर चढून तिथेच उभी राहिली.

पॅपॉ मायक्रोफोनच्या पलीकडून तिच्याजवळ सरकले. मँडोलिन तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी डावा हात पडद्यांवरून काढला, उजवा तारांवरून काढला आणि दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले, रिकामे.

रेलिनने तोंड मिटलं.

ऑर्विलचा पंखा थांबला. पॅपॉनी डोळे मिटून मान तिरकी केली. मँडोलिनच्या डोक्यावरचा इवलासा पडदा उजळला होता, आणि तो रेलिनच्या बरोबर समोर होता.

चारशे चाळीस.